आईला घेऊन तमिळनाडू : दुपार मोकळी ठेवून आखलेला आठ रात्रींचा प्रवास

आईवडिलांना घेऊन चार शहरे पाहायची ठरली, की बहुतेक जण नकाशा उघडून बसतात. शहरांची नावे लिहिली जातात, मधली अंतरे मोजली जातात आणि उरलेल्या दिवसांत जमेल तेवढी स्थळे बसवली जातात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाबरोबर जायचे असेल तर हा क्रम उलटा करावा, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. आधी त्यांचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जाईल ते कागदावर मांडावे आणि त्या दिवसात जे मावेल तेवढ्यालाच यादीत जागा द्यावी. मी आईला घेऊन चेन्नई, तंजावर, मदुराई आणि रामेश्वरम असा प्रवास केला तेव्हा तिचे वय ७१ होते. दोन्ही गुडघे दुखरे, रक्तदाबाची गोळी रोजची आणि देवदर्शनाचा उत्साह मात्र माझ्याहून अधिक. त्या आखणीतून जे उपयोगी पडले, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

तमिळनाडूतील बहुतेक मोठी मंदिरे दुपारी बंद असतात. पहाटे पाच-सहाला उघडलेला गाभारा साधारण बारा-साडेबाराला बंद होतो आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतो. उत्तरेत किंवा महाराष्ट्रात फिरण्याची सवय असलेल्या माणसाला हे ठाऊक नसते, त्यामुळे अकरा वाजता हॉटेलातून निघून, रांगेत उभे राहून, ऐन दर्शनाच्या वेळी दार बंद झालेले पाहण्याची पाळी येते. मात्र हेच वेळापत्रक वयस्कर माणसाला अतिशय सोयीचे आहे. सकाळी साडेसहा ते दहा हा दर्शनाचा आणि पाहण्याचा वेळ, मग जेवण, साडेबारा ते साडेतीन झोप किंवा नुसते पडून राहणे, चारनंतर चहा घेऊन दुसरे ठिकाण, आणि आठपर्यंत जेवून खोलीवर परत. म्हणजे दिवसाला दोनच ठिकाणे. तिसरे ठिकाण कितीही जवळ असले तरी ते वाढवू नये, कारण त्याची किंमत दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे वसूल करतात.

दुपार मोकळी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मंदिरांच्या प्राकारात अनवाणी चालावे लागते आणि दगडी फरशी उन्हाने तापते. जानेवारीतसुद्धा अकरानंतर तंजावरच्या प्रांगणात आईने पाय उचलून उचलून टाकायला सुरुवात केली होती. पातळ सुती मोज्यांचे दोन-तीन जोड पिशवीत असावेत. कोणी हरकत घेतली तर काढावेत, पण आम्हाला तसे कोणी सांगितले नाही. पाय भाजण्याइतकाच धोका घसरण्याचाही असतो, म्हणून तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे मिळाले तर अधिक चांगले.

ऋतूची निवड या हिशेबात आधीच करून टाकावी. आपल्याकडे पावसाळा संपतो तेव्हा तिकडे सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात किनारपट्टीला झोडपतो आणि कधीकधी वादळेही येतात. मार्चपासून ऊन वाढते. म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र जानेवारीच्या मध्याला पोंगलचा सण येतो आणि त्या आठवड्यात गाड्या आणि बसगाड्या गच्च भरलेल्या असतात, तेव्हा तो आठवडा टाळावा.

शहरे किती आणि रात्री किती

माझ्या पहिल्या कागदावर सात दिवसांत सहा शहरे होती. आईला तो कागद वाचून दाखवला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त "एवढ्यांदा बॅग भरायची?" असे विचारले. तो प्रश्न मला फार नेमका वाटला. वयस्कर माणसाला प्रवासात थकवते ते पाहणे कमी आणि सामान आवरणे, नव्या न्हाणीघराशी जुळवून घेणे, नवी गादी, नवी उशी हेच अधिक. तेव्हापासून मी एक नियम पाळते : कोणत्याही मुक्कामाला दोन रात्रींहून कमी वेळ द्यायचा नाही, आणि एकच रात्र द्यावीच लागली तर मोठी बॅग आधीच्या हॉटेलात ठेवून छोटी पिशवी घेऊन जायचे.

त्याप्रमाणे शेवटी अशी मांडणी झाली : चेन्नईत दोन रात्री, तंजावरला दोन, मदुराईला दोन, रामेश्वरमला एक आणि परत येऊन मदुराईला एक. कांचीपुरम आणि तिरुचिरापल्ली मी मुक्कामातून वगळले. तिरुचिरापल्लीचा रॉकफोर्ट चारशेहून अधिक पायऱ्यांचा आहे, तो गुडघेदुखीच्या माणसाने खालूनच पाहावा. श्रीरंगमचे मंदिर मात्र वाटेवर आहे, आणि आईला तिथे जायचेच असेल तर तंजावरहून मदुराईकडे जाताना सकाळ तिथे घालवता येते.

इथेच एक गोष्ट आग्रहाने सांगते. यादी करण्यापूर्वी आईला किंवा वडिलांना विचारा की त्यांना एकच ठिकाण पाहता आले तर ते कोणते असेल. आईचे उत्तर रामेश्वर होते. तिच्या लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काशीची गंगा रामेश्वराला नेण्याच्या यात्रेच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या, आणि ती कावड तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या एकनाथ महाराजांची गोष्ट ती आजही सांगते. ते ठिकाण मी शेवटच्या टप्प्यात ठेवले होते आणि वेळ कमी पडला तर गाळायचे ठरवले होते. तिचे उत्तर ऐकल्यावर मी उरलेला सगळा प्रवास त्याच्याभोवती फिरवला.

अंतरे आणि वाहने

चेन्नईला विमानाने उतरून मदुराईहून विमानाने परतावे, म्हणजे तोच रस्ता दोनदा कापावा लागत नाही. विमानाचे तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. पुष्कळ ज्येष्ठांना खुर्चीत बसायला संकोच वाटतो. मी आईला सांगितले की विमानतळावर वाचलेले पाय मंदिरात उपयोगी पडतील, आणि ती बसली.

चेन्नईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या एग्मोर स्थानकावरून सुटतात, सेंट्रलवरून नव्हे; रिक्षावाल्याला स्थानकाचे नाव स्पष्ट सांगावे. चेन्नई-तिरुनेलवेली वंदे भारत सप्टेंबर २०२३ पासून धावते. ती दुपारी निघून सुमारे चार तासांत तिरुचिरापल्लीला पोचते, आणि तिथून तंजावर मोटारीने सुमारे ५५ किलोमीटर आहे. फक्त बसण्याच्या आसनांची गाडी असल्यामुळे बर्थचा प्रश्न उरत नाही आणि विश्रांतीची दुपार प्रवासातच निघते. पुढे तंजावर ते मदुराई आणि मदुराई ते रामेश्वरम ही अंतरे मोटारीने प्रत्येकी साधारण पावणेदोनशे किलोमीटर धरून चालावीत. मोटार ठरवताना दर दीड तासाला थांबायचे आहे आणि थांबण्याच्या ठिकाणी स्वच्छतागृह हवे, हे चालकाला निघण्यापूर्वीच सांगावे. प्रवासात लघवीला जावे लागू नये म्हणून आई पाणीच कमी प्यायची, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आले. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने असे करणे धोक्याचे आहे.

रात्रीच्या गाडीने जायचे असेल तर खालच्या बर्थच्या कोट्याची अट नीट वाचावी. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी तो असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात आणि ते दोघेही अटीत बसावे लागतात. मी ४५ च्या पुढची असल्याने आम्हा दोघींना तो लागू होत होता. चाळिशीतला मुलगा आईबरोबर एकाच तिकिटावर असेल तर होणार नाही. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा खर्चाच्या अंदाजात ती धरू नये. आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होते.

मुक्कामाची जागा फोन करून ठरवावी

संकेतस्थळावर 'लिफ्ट आहे' एवढे वाचून खोली घेऊ नये. आमच्या एका मुक्कामी लिफ्ट होती, परंतु ती अकरा पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होत होती, आणि त्या पायऱ्यांना कठडा नव्हता. तेव्हापासून मी फोनवर चार प्रश्न विचारते : रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, कमोड आहे का, न्हाणीघराच्या दाराला उंबरा किती आहे, आणि मंदिराच्या कोणत्या दारापासून किती मिनिटे चालावे लागते. शेवटचा प्रश्न मदुराईत फार महत्त्वाचा ठरतो, कारण मीनाक्षी मंदिराभोवतीच्या चारही चित्तिरै वीथ्यांवर, म्हणजे मंदिरालगतच्या रस्त्यांवर, वाहनांना मज्जाव असतो. मोटार अलीकडेच थांबते आणि पुढचे अंतर चालावे लागते. तिथे महागडे पण दूरचे हॉटेल घेण्यापेक्षा साधे पण जवळचे घ्यावे. दुपारी परत येऊन आडवे होता आले पाहिजे.

औषधांचे दोन संच करावेत, एक त्यांच्या पिशवीत आणि एक आपल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असावा आणि गोळीच्या ब्रँडच्या नावाबरोबर तिच्यातील औषधाचे मूळ नावही लिहिलेले असावे, म्हणजे परक्या गावातील दुकानदाराला पर्यायी गोळी देता येते. जेवणाची मला वाटली तेवढी अडचण आली नाही. इडली, वेण्पोंगल (तांदूळ-मुगाची खिचडी) आणि दहीभात यांवर आई आनंदाने राहिली, मात्र चौथ्या दिवशी तिला पोळीची आठवण झाली, तेव्हा घरून नेलेल्या दशम्या कामी आल्या.

प्रत्यक्ष जागी काय करावे

चेन्नईहून एक सकाळ महाबलीपुरमला द्यावी. पंचरथ, अर्जुनाची तपश्चर्या म्हणून ओळखला जाणारा शिल्पपट आणि समुद्रकाठचे मंदिर एकमेकांपासून अंतरावर आहेत, म्हणून मोटार सोडून देऊ नये.

तंजावर मात्र सावकाश पाहावे, विशेषतः मराठी माणसाने. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले बृहदीश्वर मंदिर पाहून परत फिरणारे पुष्कळ असतात. त्याच मंदिराच्या भिंतीवर, प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भागात, तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास मराठीत आहे. आई भिंतीजवळ गेली, चष्मा पुसला आणि बोट अक्षरांपासून वीतभर अंतरावर धरून एकेक शब्द जुळवू लागली. एक ओळ लागायला तिला पाच मिनिटे लागली, आणि त्या पाच मिनिटांत तिने गुडघ्याचे नाव काढले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय पाहावे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून १८५५ पर्यंत इथे मराठ्यांचे राज्य होते, आणि तंजावरी मराठी बोलणारी घराणी आजही आहेत, हे आधी घरी सांगून ठेवले तर पाहण्याला अर्थ येतो.

मीनाक्षी मंदिरात मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे आत शिरण्यापूर्वीच, चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते ठरवावे आणि हॉटेलचे नाव व पत्ता लिहिलेला कागद त्यांच्याजवळ द्यावा. पैसे भरून विशेष दर्शनाची जी रांग असते ती बिनदिक्कत घ्यावी. दुपारची झोप झाली असेल तर रात्री नऊच्या सुमारास पुन्हा जावे. सुंदरेश्वरांच्या पादुका पालखीत ठेवून, सनईसारख्या नादस्वराच्या सुरात, मीनाक्षीच्या शयनगृहाकडे नेतात. धुपाचा लोट अंगावरून गेला तसे आईने हात जोडले आणि म्हणाली, "आपल्या पालखीसारखंच की गं!"

रामेश्वरमला बावीस तीर्थांचे स्नान हा कळीचा प्रश्न असतो. विहिरींमधून बादलीने पाणी काढून अंगावर ओततात, एका विहिरीपासून दुसरीकडे ओल्या कपड्यांनी चालावे लागते, आणि दगडी फरशी सतत भिजलेली असते. गर्दीत लोक घाईने पुढे सरकतात. गुडघे अधू असलेल्या माणसाला हे करू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण हे तिथे पोचल्यावर सांगू नये, घरीच बोलून घ्यावे. आम्ही असे ठरवले की मी स्नान करावे, तिच्यासाठी छोट्या बाटलीत पाणी आणावे आणि तिने ते डोळ्यांना लावावे. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून कोरड्या कपड्यांची पिशवी घेऊन कोणीतरी बाहेर थांबावे लागते. ते काम आईने केले. पहाटेचे दर्शन झाल्यावर हजारावर खांबांच्या त्या लांब वाटेत ती भिंतीला टेकून अर्धा तास बसली, आणि मी तिला उठवले नाही. बेटाच्या टोकाला असलेल्या धनुष्कोडीला जायचे असेल तर उजेडात जाऊन उजेडात परत यावे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी ६ एप्रिल २०२५ रोजी रामेश्वरम बेटाला जोडणाऱ्या नव्या पांबन पुलाचे उद्घाटन झाल्यापासून गाडी पुन्हा थेट रामेश्वरमपर्यंत येते.

प्रवासभर एक सवय ठेवावी. "दमलीस का?" असे विचारले की आई "नाही" म्हणते, कारण आपल्यामुळे मुलीचे पाहणे राहू नये असे तिला वाटते. म्हणून मी "मला चहा हवाय, बसू या का?" असे विचारू लागले, आणि प्रत्येक वेळी ती लगेच बसली.

रामेश्वरमहून परतल्यावर मदुराईची शेवटची सकाळ मुद्दाम मोकळी ठेवावी आणि विमान दुपारनंतरचे घ्यावे. त्या सकाळी मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत सुंगुडीच्या सुती साड्या पाहता येतात. दुकानात बसायला गादी असते, साड्या समोर उलगडून दाखवतात आणि कोणी घाई करत नाही. आईने दोन तासांत तीन साड्या निवडल्या, त्यांतली एक माझ्यासाठी.