एक मोठे ग्राफिक्स कार्ड की दोन लहान? खरेदीपूर्वी या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत लग्नाचे व्हिडिओ संपादित करणारा, उद्यमनगरात कास्टिंगची त्रिमितीय मॉडेल्स तयार करणारा आणि हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांची रेंडर (संगणकाने बनवलेली हुबेहूब चित्रे) काढून देणारा, अशा तिघांचेही बजेट सारखे असले तरी त्यांनी एकच खरेदी करणे शहाणपणाचे नाही. एकाच पैशात एक ताकदवान कार्ड घ्यावे की दोन मध्यम, याचा निर्णय कार्डाच्या डब्यावरील आकड्यांवरून होत नाही. आपले सॉफ्टवेअर काम दोन कार्डांत वाटू शकते का, यावरून तो होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मेमरीच्या बेरजेची आहे. १२ जीबी मेमरीची दोन आरटीएक्स ३०६० कार्डे लावली म्हणजे २४ जीबी मिळाली, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या सायकल्ससारखा रेंडरर (रेंडर काढणारा भाग) दृश्याची संपूर्ण प्रत प्रत्येक कार्डावर स्वतंत्रपणे ठेवतो, त्यामुळे दृश्याला १४ जीबी लागत असेल तर ते दोन्हींपैकी कोणत्याही कार्डात मावत नाही आणि मग एकतर काम संगणकाच्या मुख्य मेमरीच्या आधाराने रेंगाळते किंवा मेमरी संपल्याचा संदेश येऊन थांबते. तेच दृश्य १६ जीबीच्या एका कार्डावर निमूटपणे पूर्ण होते. दागिन्यांच्या रेंडरमध्ये खड्यांची संख्या आणि टेक्श्चरचा (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचा) आकार वाढत जातो, म्हणून या कामासाठी मी वेगाच्या आधी मेमरी पाहण्याचाच आग्रह धरेन.

दुसरी चूक जुन्या माहितीवर विसंबण्याची. एनव्हिडियाने २००४ मध्ये आणलेले एसएलआय आणि एटीआयचे क्रॉसफायर या दोन कार्डे जोडून चालवण्याच्या तंत्रांमुळे दोन कार्डांवर गेम वेगाने चालतो हा समज रुजला, परंतु तेव्हाही एकाआड एक फ्रेम वाटून घेण्याच्या पद्धतीमुळे चित्र बारीक अडखळत असे. एनव्हिडियाने २०२१ पासून एसएलआयसाठी नवीन ड्रायव्हर प्रोफाइल (नव्या गेमसाठी लागणारी जुळवणी) देणे बंद केले, आणि आरटीएक्स ४० मालिकेतील गेमिंग कार्डांवर तर ती जोडणीच नाही. केवळ गेमसाठी दुसरे कार्ड घेणे म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणे आहे. कॅड (संगणकावर आराखडे काढण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल फिरवून पाहतानाही सामान्यतः एकच कार्ड राबते. व्हिडिओ संपादनाच्या डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीला एकच कार्ड वापरता येते. दोन्ही वापरायची असतील तर सशुल्क स्टुडिओ आवृत्तीचा खर्च आधी हिशेबात धरावा.

मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट दिसतात, म्हणून दोन्ही सारखेच असतील असे गृहीत धरू नये. बी५५० चिपसेटच्या बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या लांब स्लॉटला चारच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) मिळतात, आणि काही बोर्डांवर विशिष्ट जागी एम.२ एसएसडी (बोर्डावर थेट बसणारी साठवण पट्टी) लावली की तो स्लॉट बंद पडतो. बोर्डाची पुस्तिका दुकानात उभ्या उभ्याच उघडून पाहावी.

विजेचा आणि उष्णतेचा विचार तर सर्वांत शेवटी होतो. दोन ३०६० मिळून पूर्ण भारावर सुमारे ३४० वॅट घेतात. त्यात प्रोसेसर आणि बाकीचे भाग मिळवले की ७५० वॅटचा दर्जेदार एसएमपीएस (संगणकातील वीजपुरवठ्याचा डबा) योग्य ठरतो, आणि प्रत्येक कार्डाला एसएमपीएसमधून निघणारी स्वतंत्र केबल द्यावी. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस हा भार पेलत नाही, त्यामुळे वळवाच्या पावसात वीज गेली की रात्रभर चाललेले रेंडर तिथेच संपते. दोन जाड कार्डे एकमेकांना चिकटून बसली तर वरचे कार्ड खालच्याची गरम हवा ओढते आणि तापून स्वतःचा वेग उतरवते. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत हे हमखास अनुभवास येते.

दोन कार्डे खरोखर शोभतात ती सायकल्स किंवा व्ही-रे जीपीयू या रेंडररच्या रेंडरमध्ये, तेही दृश्य एका कार्डात मावत असेल तरच. भाषेची मोठी मॉडेल्स (चॅटजीपीटीमागे असतात तशी) स्वतःच्या संगणकावर चालवणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. लामा.सीपीपी हे सॉफ्टवेअर मॉडेलचे थर दोन कार्डांत विभागते, त्यामुळे तेथे मेमरीची बेरीज बऱ्याच अंशी खरी ठरते. वेग मात्र दुप्पट होत नाही, कारण या विभागणीत एका कार्डाचे थर आटोपल्यावरच दुसऱ्याची पाळी येते.

दोन कार्डे बसवल्यावर दुसरे स्वस्थ बसलेले दिसले, तर ते सदोष ठरवून दुकानदाराकडे धाव घेण्यापूर्वी ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमधील सिस्टम विभागात दोन्ही कार्डांसमोर खूण आहे का आणि रेंडरसाठी जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) निवडला आहे का, ते पाहावे. त्यानंतर कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये त्या स्लॉटला किती लेन मिळाल्या आहेत ते तपासावे. कार्ड विंडोजला दिसतच नसेल, तर पॉवर केबल नीट बसवून, एम.२ एसएसडीची जागा बदलून आणि शेवटी त्याच स्लॉटमध्ये पहिले कार्ड लावून पाहावे. तेही दिसले नाही, तर दोष बहुधा स्लॉटचा किंवा बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधील) मांडणीचा असतो.