घरं उठण्याआधी रस्त्याची जागा धरा

शहराच्या कडेची वाढ कशी आखायची, असं विचारलं की बहुतेक जण रंगीत नकाशा पुढे करतात. पिवळ्यात घरं, जांभळ्यात कारखाने, निळ्यात बाजार. पंधरा वर्षांनी त्याच जागी जाऊन पाहा. रंग कुठेच सापडत नाहीत, आणि मुख्य रस्ता म्हणून जे उरलेलं असतं तिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावं लागतं. रंग नंतर भरता येतात. रस्त्याची जागा एकदा गेली की ती घरं पाडूनच परत मिळते.

लोकसंख्येचे आकडे, जमिनीच्या नोंदी आणि ताजी मोजणी हाताशी आहे, असं धरून पुढे जाते.

आधी हद्द ठरवा, आणि ती 30 वर्षांच्या हिशोबाने ठरवा. बहुतेक शहरांत वस्ती दुप्पट होईपर्यंत माणशी लागणारी जागाही वाढलेली असते, त्यामुळे जमीन दुपटीहून जास्त लागते. हद्द तोकडी ठेवली म्हणून वाढ थांबत नाही, ती आखणीच्या बाहेर जाऊन होते. न्यूयॉर्कने 1811 मध्ये मॅनहॅटनची आखणी 155व्या रस्त्यापर्यंत केली, तेव्हा शहराची वस्ती लाखाच्या आसपास होती.

पूररेषेतली जमीन, तीव्र उतार, तळी आणि नाले वगळा. नाले भर पावसात पायी फिरून पाहा.

आता मुख्य रस्ते. साधारण एक किलोमीटर अंतरावर, उभे आणि आडवे, 30 मीटर रुंद. अशा चौकटीत कुठलंही घर मुख्य रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब राहत नाही, म्हणजे बस चालत जाण्याच्या अंतरावर येते. मोठ्या जलवाहिन्या आणि गटारंही याच पट्ट्यातून जातात. जमीन किती जाते? जेमतेम सहा टक्के. रुंदी कमी करा म्हणणारे दर बैठकीत भेटतील. ऐकू नका. आज डांबर दोनच पदरी टाका, पण पट्टा पूर्ण 30 मीटरचा घ्या.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते, आणि इथेच मी एकदा सपशेल आपटले. नकाशा मंजूर झाला, प्रसिद्ध झाला, आणि आम्ही निर्धास्त झालो. प्रत्यक्ष जागेवर खुणा करायला वर्ष लागलं. पोहोचलो तेव्हा आखलेल्या रेषेवर पायापर्यंत आलेली घरं होती, एका ठिकाणी कुंपणाची भिंत पट्ट्याला आडवी गेली होती. लोकांनी मुद्दाम केलं असंही नाही. जमिनीवर काही दिसतच नव्हतं, तर त्यांनी थांबावं कशासाठी? तेव्हापासून माझा नियम आहे: नकाशा प्रसिद्ध होईल त्याच आठवड्यात खुणा जमिनीत गेल्या पाहिजेत. आणि खुणा म्हणजे लाकडी खुंट्या नव्हेत, त्या रातोरात उपटल्या जातात. मॅनहॅटनच्या आखणीतही मालकांनी खुंट्या उपटल्या होत्या. पुढे तिथे चौकाचौकांत संगमरवरी दगड रोवले आणि खडक लागला तिथे लोखंडी खिळे ठोकले. तुम्हीही दगड रोवा, दोन्ही कडांना झाडं लावा, मधून कच्चा रस्ता करून घ्या. लोक रोज ज्या वाटेने जातात, तिच्यावर घर बांधायला कोणी धजत नाही.

पण दगड टिकतो तो शेजारच्या जमीनमालकाला वाटणी न्याय्य वाटली तरच. सरळ रेष ओढली की एकाची अख्खी जमीन रस्त्यात जाते आणि पलीकडच्याला फुकट दर्शनी जागा मिळते. पहिला माणूस कोर्टात जाणारच, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. म्हणून भार सगळ्या चौकटीवर पसरा. शंभर हेक्टरमधले सहा रस्त्याला जाणार असतील, तर एक हेक्टरवाल्याने 600 चौरस मीटर द्यावेत आणि 9,400 चौरस मीटरचा, रस्ता असलेला, नीट आकाराचा भूखंड परत घ्यावा. ज्याची जमीन पूर्ण रस्त्यात गेली त्यालाही तेवढाच. अंतर्गत गल्ल्या आणि मैदानांसाठी हाच हिशोब पुढे वाढवा. जमिनी एकत्र करून पुन्हा वाटण्याची ही पद्धत फ्रँकफर्टमध्ये 1902 च्या कायद्याने आली, जपानची कितीतरी उपनगरं तिच्यावरच उभी आहेत. वाटणीचा तक्ता मात्र गावासमोर उघडा मांडा, प्रत्येकाचं क्षेत्र आधीचं आणि नंतरचं. बंद खोलीत केलेली वाटणी बरोबर असली तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मैदानंही याच वेळी सार्वजनिक नावावर करून घ्या, मालकाच्या भरवशावर मोकळी सोडू नका. बार्सिलोनाच्या 1859 च्या आखणीतले 20 मीटरचे रस्ते आजही शाबूत आहेत, पण त्याच आखणीत इमारतींच्या चौकोनी गटांच्या पोटात मोकळ्या ठेवलेल्या बागा बहुतेक ठिकाणी बांधकामांनी गिळल्या.

आतल्या गल्ल्या चौकट भरत जाईल तशा आखा. दर पावसाळ्यानंतर एकदा सगळे दगड मोजून या, आणि हललेला दगड त्याच दिवशी परत बसवा.