जुना रिमोट पीसीला जोडताय? आधी या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई करताना गावभागातल्या घरात माळ्यावर प्लेस्टेशन २ चे दोन रिमोट सापडले (आमच्या सांगलीत कंट्रोलर कोण म्हणतंय, रिमोटच), २०१९ च्या पुरात खालचं सगळं चिखलात गेलेलं पण हे वर होते म्हणून वाचले. मग काय, लगेच ऑनलाइन 'पीएस२ टू यूएसबी' टाकलं आणि पहिलं दिसलं ते अडॅप्टर मागवलं. उघडून बघतोय तर जांभळी-हिरवी गोल सॉकेटं! ते कीबोर्ड-माऊसचं निघालं राव. आयबीएमनं १९८७ ला पीएस/२ नावाचे पीसी काढलेले, त्यांचं ते पोर्ट, सोनीच्या २००० सालच्या प्लेस्टेशनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तेव्हा शोधताना 'प्लेस्टेशन कंट्रोलर' असं पूर्ण लिहा.

पुढची चूक आतेभाऊ करायला निघालेला, हात धरला म्हणून बरं. टीव्ही गेमच्या (टीव्हीला जोडायचा, कॅसेटवाला जुना गेम) रिमोटचं ९ भोकांचं तोंड जुन्या पीसीच्या मागच्या सिरियल पोर्टात बरोब्बर बसतं. बसतं, पण तिथं अधिक-उणे १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं आणि रिमोट चालतो ५ वर. सेगा मेगा ड्राइव्ह या दुसऱ्या जुन्या गेमच्या रिमोटचं तोंडही सेम ९ चंच, आतली वायरिंग वेगळी, म्हणजे सेगाचं अडॅप्टर टीव्ही गेमच्या रिमोटला चालत नाही. तोंड जुळलं तरी पत्रिका जुळत नाही, असला प्रकार. बरं टीव्ही गेमच्या या रिमोटला कामाच्या वायरी पाचच असतात, पॉवर, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा, सोल्डरिंग येत असेल तर अर्डुइनोवर (प्रोग्राम टाकायचा छोटा सर्किट बोर्ड) अडॅप्टर घरी होतं, फक्त त्यातला लिओनार्डो नाहीतर प्रो मायक्रो घ्या, उनो थेट जॉयस्टिक म्हणून ओळखला जात नाही. आणि वायरींच्या रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावा.

अडॅप्टरसोबत छोटी सीडी आली आणि लॅपटॉपला ड्राइव्हच नाही? सोडून द्या. बटणं विंडोज स्वतः ओळखतंय, सीडी लागलीच तर व्हायब्रेशनला.

गेममध्ये काही हललं नाही की लोक डायरेक्ट अडॅप्टर रिटर्न करतात. थांबा की जरा! विंडोजच्या रनमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' (joy.cpl) टाकून रिमोट तपासायची खिडकी उघडा, बटण दाबल्यावर तिथं दिवा लागला तर रिमोट आणि अडॅप्टर दोन्ही ठणठणीत. रिमोटशी बोलायच्या विंडोजच्या दोन भाषा, बरेच नवे गेम फक्त एक्सइनपुट समजतात आणि स्वस्तातलं अडॅप्टर जुनं डायरेक्टइनपुट बोलतं, तेव्हा स्टीम या गेमच्या अॅपच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन बटणं नेमून द्या. नुसती अंगठ्यानं फिरवायची काडीच चालत नसेल तर रिमोटवरचं अॅनालॉगचं बटण दाबून लाल लाइट लागतोय का बघा, यात मी अख्खी संध्याकाळ घालवलीय.

आणि जॉय डॉट सीपीएलमध्येही एखादंच बटण मेलेलं दिसलं तर रिमोट उघडा. माझं चौकोनाचं बटण चालेना म्हणून अडॅप्टरला तीन दिवस शिव्या घातल्या, स्क्रू काढले तर रबराखाली भडंगातल्या शेंगदाण्याचं साल.