तळोज्याच्या रोलिंग मिलमध्ये बारीक दाणा मिळवताना
तळोज्यातल्या रोलिंग मिलमध्ये कमी कार्बनच्या पोलादाचे बिलेट (लांब चौकोनी ठोकळे) साधारण १२०० अंश सेल्सिअसला गाभ्यापर्यंत सारखे तापवावे. मात्र भट्टीत ते गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवू नये, कारण तेवढ्यात ऑस्टेनाइटचे (तापलेल्या पोलादाच्या रचनेचे) दाणे, म्हणजे सूक्ष्म स्फटिक, वाढत जातात. रोलखाली प्रत्येक पासमध्ये (रोलमधून एकदा जाताना) हे दाणे चेपून लांबट होतात आणि त्यांच्या सीमांवर नवे, ताणमुक्त, लहान दाणे तयार होतात. खरी कसोटी शेवटच्या पासची असते: तो ८५० ते ९०० अंशांदरम्यान, पुरेशा दाबाने घ्यावा. त्याहून बराच गरम असताना घेतल्यास (घाईच्या पाळीत हेच होते) नवे दाणे पुन्हा वाढतात आणि आधीची मेहनत वाया जाते. थंड होताना फेराइट (थंड पोलादातली मऊ रचना) मुख्यतः ऑस्टेनाइटच्या या सीमांवरच जन्मतो, म्हणून सीमा जितक्या जास्त तितका तो बारीक. खात्रीसाठी पॉलिश केलेला तुकडा २ टक्के नायटलमध्ये (अल्कोहोलमध्ये मिसळलेले नायट्रिक आम्ल) काही सेकंद बुडवावा; सूक्ष्मदर्शकाखाली सीमांची काळी जाळी दिसते.