सीडीएसचं इंग्रजी आणि आपला अहिराणी कान

मी अमळनेरचा. शाळा मराठी माध्यमाची, घरात अहिराणी. ओटीएसाठी, म्हणजे लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, सीडीएस (सैन्यात अधिकारी व्हायला यूपीएससी घेते ती परीक्षा) दिली तर गणित नसतं. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, प्रत्येकी 100 गुण. म्हणून गणिताला घाबरणारी आमच्याकडची पोरं तिकडे वळतात आणि इंग्रजीत अडकतात. मीही अडकलो.

इंग्रजीच्या पेपरात दोन तासांत 120 प्रश्न. उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. पहिल्या वेळी मी उत्तरपत्रिकेतला एकही प्रश्न गोळा न भरता सोडला नव्हता. निकाल काय लागला ते सांगायला नको.

सगळ्यात दगा देतात ते वाक्यातली चूक शोधायचे प्रश्न. वाक्य वाचून 'बरोबर वाटतंय' म्हणायचं आणि पुढे जायचं, ही माझी सवय. पण वाटतं कोणाला? मराठी कानाला! 'वुई डिस्कस्ड अबाउट द प्लॅन' मला कित्येक महिने निर्दोष वाटायचं, कारण आपण योजने'बद्दल' चर्चा करतो. इंग्रजीत तिथे अबाउट नको. 'पेक्षा' म्हणजे दॅन हे शाळेत घोकलेलं, म्हणून 'सीनियर दॅन मी' खटकत नाही. सीनियरनंतर टू येतो.

मग एक वही केली. डावीकडे चुकलेलं वाक्य, उजवीकडे मला फसवणारा मराठी शब्द. थोड्याच दिवसांत तेच ते शब्द परत परत दिसायला लागले. क्लासच्या जाडजूड नोट्सपेक्षा ही वही जास्त कामी आली.

पी-क्यू-आर-एस, म्हणजे वाक्याचे उलटसुलट दिलेले तुकडे, जुळवताना आधी क्रियापद शोधा. आपलं क्रियापद शेवटी बसतं, त्यांचं कर्त्याला चिकटून; एवढं ध्यानात ठेवलं तरी दोन पर्याय गळतात. समानार्थी शब्दांसाठी यूपीएससीच्या संकेतस्थळावरचे जुने पेपर पुरेत, फुकट आहेत.

सप्टेंबरच्या परीक्षेची तयारी ऐन कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या सणाच्या, दिवसांत येते. सणाचा रोट (प्रसाद) खायला घर भरलेलं, मी माळ्यावर मोठ्यानं उतारे वाचतोय. खालून आई, "कितला वाचस रे तू!" मोठ्यानं वाचा मात्र, लाजू नका. पुढे एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मुलाखतीच्या, गटचर्चेत तोंड उघडावंच लागतं.

आणि पेन काळंच न्या, बॉलपेन. माझ्या शेजारचा निळं घेऊन आला होता, पेपर सुरू व्हायला पाच मिनिटं असताना अख्ख्या वर्गात काळं मागत फिरला.