नागपूरहून पहिल्यांदा क्रूझवर जाताय? खाण्यापिण्याच्या या चुका टाळा

क्रूझच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं. तरी परत आलेल्या लोकांच्या तक्रारी ऐकल्या तर निम्म्याहून जास्त खाण्यापिण्याच्याच निघतात. व्हेज म्हणून घेतलेल्या सूपमध्ये चिकनचं पाणी होतं, दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, शेवटच्या रात्री बिल बघून डोळे पांढरे झाले. यातलं जवळपास सगळं टाळता येतं. जहाजावर जेवणाच्या, पाण्याच्या, पैशाच्या काही ठरलेल्या रीती असतात आणि बुकिंग करताना त्या सहसा कोणी समजावून सांगत नाही. त्यात आपल्या सवयी पडल्या रेल्वेच्या आणि लग्नाच्या पंगतीच्या. त्या समुद्रावर कुठे अडतात, ते इथे सांगतोय.

जहाजाच्या दिवशी सकाळी मुंबईत उतरणं

मुंबई-गोवा किंवा मुंबई-लक्षद्वीप क्रूझ बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून सुटते. सीएसएमटीहून हे अंतर टॅक्सीने फार नाही, म्हणून बरेच जण रात्रीच्या विदर्भ किंवा दुरांतोने निघून सकाळी पोचायचं आणि दुपारी जहाजावर चढायचं असा बेत करतात. गाडी ८०० किलोमीटरहून जास्त धावून येते. ती चार तास लेट झाली तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. चेक-इनची खिडकी जहाज सुटण्याच्या निदान तास-दीड तास आधीच बंद होते. एक दिवस आधी मुंबई गाठा. एका रात्रीचं हॉटेल हा या सहलीतला सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे.

सिंगापूर किंवा दुबईहून निघणारी क्रूझ असेल तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हेही तपासा. जहाज बाहेर जाऊन त्याच बंदरात परत येतं, म्हणजे त्या देशात तुम्ही दोनदा शिरता. सिंगल एंट्रीवर गेलेला माणूस परतताना अडकतो.

पिशवीतला डबा, अनारसे आणि खर्रा

घरून निघताना पोळ्या, धपाटे, सांबारवडी बांधून घेणं आपल्याला नैसर्गिक वाटतं. जहाजावर घरी शिजवलेलं अन्न बहुतेक वेळा चढू देत नाहीत. एका केबिनमधलं शिळं अन्न आजार पसरवू शकतं आणि त्याची जबाबदारी जहाजावर येते. कंपनीचं सील असलेली कोरडी पाकिटं, म्हणजे चिवडा, शेव, संत्रा बर्फी, साधारणपणे चालतात. सुट्टा माल किंवा डब्यातलं लोणचं नेऊ नका. बाळाचं खाणं आणि पथ्याचं अन्न यांना सवलत असते, पण आधी लेखी विचारून घ्या.

परदेशातून चढणार असाल तर खसखशीकडे नीट बघा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, ती तिथे अमली पदार्थाच्या कायद्याखाली येते. सिंगापूरलाही नेऊ नये. दिवाळीच्या सुट्टीत क्रूझचा हंगाम ऐन भरात असतो आणि त्याच दिवसांत आपल्या फराळाच्या डब्यात अनारसे असतात. अनारशाच्या एका बाजूला चिकटलेले ते पांढरे दाणे खसखशीचेच. सावजी मसाल्यातही खसखस वाटलेली असते, तेव्हा 'जेवण फिकं निघालं तर लागेल' म्हणून घेतलेली मसाल्याची पुडी घरीच राहू द्या. त्याऐवजी सीलबंद शेंगदाण्याची चटणी न्या.

खर्ऱ्याचंही तेच. चघळण्याचा तंबाखू सिंगापूरमध्ये नेताच येत नाही, च्युइंगमही नाही. आपल्याकडच्या जहाजावर गेलात तरी थुंकायला जागा नसते आणि सुपारीचा चोथा केबिनच्या बेसिनमध्ये गेला की पाइप तुंबतो.

इलेक्ट्रिक केटल, पाणी तापवायचा रॉड आणि इस्त्री या तीन वस्तू तपासणीत हमखास काढून घेतात. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून हा नियम. पहाटेच्या चहाची सवय असेल तर चढल्यावर लगेच विचारून ठेवा की चहा-कॉफीचं मशीन २४ तास चालू असलेली जागा कोणत्या डेकवर आहे. बहुतेक मोठ्या जहाजांवर ती बुफेच्या आसपास असते.

पहिल्या दुपारचा बुफे

चढल्या चढल्या सगळे एकाच ठिकाणी धावतात. दुपारी १२ ते २ या वेळात बुफेत उभं राहायला जागा मिळत नाही आणि लोक रांग सुटेल या धास्तीने ताट शिगोशीग भरतात. घाई करायचं कारण नाही. अनेक जहाजांवर त्या दुपारी मुख्य डायनिंग रूमही उघडी असते आणि तिकडे गर्दी कमी असते. दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारा. तेही जेवण तिकिटातलंच.

बुफेत आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा. भारतीय काउंटर, लाइव्ह काउंटर आणि गोडाचं टेबल कुठे आहे ते बघून मग ताट घ्या. सुरुवातीलाच ब्रेड, भात, बटाटा यांनी ताट भरलं की पुढे चांगलं दिसलं तरी पोटात जागा उरत नाही. थोडं थोडं घ्या, पुन्हा जाता येतं.

वेळांचं मात्र पक्कं लक्षात ठेवा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधल्या वेळात बुफे बंद होतो किंवा फक्त सँडविच-बिस्किटांवर येतो. दुपारी साडेतीनला जेवायला निघालात तर उपाशी राहाल. रोजच्या वेळा केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर असतात. सकाळी त्याचा फोटो काढून घ्या, दिवसभर कामी येतो.

'व्हेज आहे' एवढ्यावर विश्वास ठेवणं

मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर व्हेज आणि जैन जेवण वेगळं मिळतं. परदेशी जहाजावर पदार्थांना हिरवा ठिपका नसतो आणि 'व्हेजिटेरियन' या शब्दाचा अर्थ तिथल्या स्वयंपाक्याच्या लेखी वेगळा असू शकतो. फसवणारे पदार्थ ठरलेले आहेत. भाज्यांच्या सूपमध्ये चिकनचा किंवा माशांचा स्टॉक असतो. थाई आणि चिनी भाज्यांत फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस पडतो. थरथरणाऱ्या जेलीत आणि मूसमध्ये जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात. केकमध्ये तर अंडं असतंच. पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या रसाने, लावलेलं असतं. फ्रेंच फ्राइज त्याच तेलात तळलेले असू शकतात ज्यात थोड्या वेळापूर्वी मासे तळले होते.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे आणि पहिली पायरी नागपुरातच उरकायची. बुकिंग करताना 'इंडियन व्हेज' किंवा 'जैन' अशी लेखी नोंद करा, ई-मेलवर उत्तर मागून घ्या. मोठ्या कंपन्या अशा नोंदीसाठी काही आठवडे आधी कळवायला सांगतात. जहाजावर चढल्यावर त्याच संध्याकाळी डायनिंग रूमच्या हेड वेटरला भेटा आणि 'अंडं नको, मासे नको, चिकनचा स्टॉक नको, जिलेटिन नको' असं एकेक नाव घेऊन सांगा. 'प्युअर व्हेज' म्हणून तिथे नेमकं काही कळत नाही. त्यानंतर रोज रात्री जेवण झालं की दुसऱ्या दिवशीची डाळ, भाजी, पोळी सांगून ठेवा. मोठ्या जहाजांच्या स्वयंपाकघरात भारतीय स्वयंपाकी बहुधा असतातच, आणि आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी मेनूकार्डावर नसलेली डाळ-तडका टेबलावर येते. ऐन जेवणाच्या वेळी मागितलं तर येत नाही, आणि दोष त्यांचा नसतो. शेकडो ताटं एकाच वेळी बाहेर पडत असतात.

ड्रिंक्स पॅकेज आणि बिल

पाणी, साधा चहा-कॉफी आणि नाश्त्याचा ज्यूस बहुधा तिकिटात येतो. कोल्ड्रिंक, ताज्या फळांचा रस, बाटलीबंद पाणी आणि दारू यांचे पैसे वेगळे. ड्रिंक्स पॅकेज म्हणजे रोजची ठरावीक रक्कम भरून हवी तेवढी ड्रिंक्स. ते घ्यायचं की नाही, हे कागदावर मांडूनच ठरवा. समजा पॅकेज माणशी रोज ३००० रुपये आहे आणि एक ड्रिंक ६०० रुपयांचं. दोन्हीवर सर्व्हिस चार्ज सारखाच लागत असेल तर रोज पाच ड्रिंक्स घेतली तेव्हा कुठे पैसे वसूल होतात. अनेक कंपन्यांची अट असते की केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने पॅकेज घेतलं तर बाकीच्या मोठ्यांनीही घ्यायचं. नवरा घेतो आणि बायको घेत नाही अशा जोडप्याला मग एकट्याच्या जोरावर रोज दहा ग्लास रिचवावे लागतात. हा हिशोब कधीच जमत नाही आणि जमवायला गेलं तर तब्येत जाते. अशांनी सुटं विकत घ्यावं.

जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं कार्ड दाखवायचं, सही करायची, खात्यावर चढतं. यात चार ठिकाणी पैसे गळतात.

सर्व्हिस चार्ज बिलात आधीच लागलेला असतो, बहुतेक परदेशी जहाजांवर १५ ते २० टक्के. तरी पावतीवर 'अ‍ॅडिशनल टिप' अशी एक रिकामी ओळ ठेवलेली असते. न समजता तिथे आकडा लिहिला की टिप दुसऱ्यांदा गेली.

मुलांच्या कार्डवरही खरेदी चालू असू शकते. व्हिडिओ गेम आणि स्लश यांत हजारो रुपये जातात. रिसेप्शनला सांगून मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच तासात बंद करून घ्या.

खात्याला डेबिट कार्ड जोडलं तर जहाज अंदाजाने रक्कम अडवून ठेवतं आणि ती सुटायला अनेक दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या.

आणि हिशोब रोज रात्री टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर बघा. चूक त्याच दिवशी दाखवली तर पावती काढून लगेच दुरुस्त करतात. शेवटच्या सकाळी रिसेप्शनसमोर लांबच लांब रांग असते.

गोव्यात स्वस्त मिळते म्हणून बाटली घेऊन चढलात तर ती तपासणीत जमा होईल आणि प्रवास संपताना मिळेल. पण गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, तेव्हा ती आणूच नका. काजू आणा.

मळमळ आणि पोट

तलावातल्या बोटीत काही झालं नाही म्हणून समुद्रावरही होणार नाही, असं धरून चालू नका. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग 'हलतंय' म्हणतो, डोळ्यांना मात्र केबिनची स्थिर भिंत दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून केबिन घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. टोकाच्या आणि उंच केबिन जास्त झुलतात. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो, त्या काळात बुकिंग टाळलेलं बरं.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर उलटीतून बाहेर पडते. डॉक्टरांना विचारून तास-दोन तास आधी घ्या. या गोळ्यांनी झोप येते, त्यावर दारू नको. मळमळायला लागलं तर मोबाइल खाली ठेवा, उघड्या डेकवर मध्यभागी जाऊन क्षितिजाकडे बघत उभं राहा. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं आणि आल्याचा तुकडा यांनी बराच फरक पडतो.

जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस जहाजावर झपाट्याने पसरतो आणि हँड सॅनिटायझरचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. बुफेच्या दारातला फवारा हातावर घेतला की झालं असं समजू नका. साबण लावून २० सेकंद हात चोळून धुवा, विशेषतः बुफेचे चमचे हाताळल्यावर आणि तोंडात घास घालण्यापूर्वी. पाण्याच्या मशीनच्या तोटीला स्वतःची बाटली टेकवू नका, ग्लास भरून तो बाटलीत ओता. त्रास झालाच तर लपवू नका, वैद्यकीय कक्षाला कळवा. सोबत ओआरएसची चार-पाच पाकिटं आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी असू द्या.

केबिन, फोन आणि भोंगा

जहाजाचं शौचालय हवेच्या दाबाने खेचणारं असतं. ओले वाइप्स किंवा सॅनिटरी पॅड टाकलं तर त्या ओळीतल्या सगळ्या केबिन तुंबतात. परदेशी जहाजावर जेट स्प्रे नसतो, एक छोटा मग सोबत ठेवा.

किनारा दिसेनासा झाला की फोन आपोआप जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचं रोमिंग फार महाग पडतं. जहाज सुटायच्या आधी एअरप्लेन मोड लावा आणि नंतर फक्त वायफाय चालू करा.

सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे आपत्कालीन इशारा. त्याची तालीम चुकवू नका, आपला मस्टर पॉइंट, म्हणजे संकटात जमायची जागा, कुठे आहे ती पायी जाऊन बघा. निर्माल्य, नारळ, पिशवी समुद्रात टाकू नका. प्लॅस्टिक टाकण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा शेवटच्या रात्री टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. सगळे कपडे त्यात भरून बसलेली कुटुंबं सकाळी रात्रीच्याच कपड्यांत नाश्त्याला येतात. दुसऱ्या दिवशीचा एक जोड, चपला, औषधं, पासपोर्ट किंवा आधार, चार्जर हातातल्या बॅगेत ठेवा. उतरायला डेकप्रमाणे बोलावतात आणि दोन-तीन तास सहज जातात, म्हणून सकाळचं विमान धरू नका. संध्याकाळनंतरची विदर्भ किंवा दुरांतो धरली तर दुपारचं जेवण मुंबईत निवांत होतं.