कोश मेला नाही, गारठलाय

अंगणातल्या कागदी लिंबाच्या पानावर चिमणीची शिट दिसली तर लगेच पुसू नका. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असू शकते. चौथ्यांदा कात टाकली की तीच हिरवीगार होते. आमच्या अमळनेरच्या घरी मी दरवर्षी पाच-सहा तरी पाळते.

फवारा न मारलेल्या झाडाचीच डहाळी घ्या. ती पाण्याच्या बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा, नाहीतर अळी आत उतरून बुडते. वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाका. घट्ट झाकणाची बरणी नको. एका एप्रिलमध्ये मी बरणी ओसरीच्या पत्र्याखाली ठेवली होती. दुपारपर्यंत चारही अळ्या मेल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात त्यांची जागा माठाशेजारी, आणि भिंतीला दहा रुपयांच्या वहीसोबत थर्मामीटर टांगलेला.

वहीत रोजचं तापमान लिहाच. किड्याला स्वतःची ऊब नसते. हवा तापेल तशी त्याची वाढ पळते, फार तापली तर तोच मरतो. माझ्याकडे जुलैत कोश आठ-दहा दिवसांत फुटतात. जानेवारीत एक कोश महिनाभर तसाच होता. सासूबाई म्हणाल्या, "मरी गयं ते, फेकी दे." मी हळूच बोट लावलं, तर शेपटाकडून किंचित वळवळला. असा वळवळणारा कोश टाकू नका. काळा पडून मऊ झाला, तर मात्र गेला.

रंगाची गंमत करायची तर अळी खाणं सोडून भटकायला लागण्याआधी दोन डबे तयार ठेवा. एकात पानांसकट हिरव्या, गुळगुळीत डहाळ्या, दुसऱ्यात वाळक्या, खरबरीत तुरकाठ्या. पहिल्यात बहुतेक कोश हिरवे होतात, दुसऱ्यात तपकिरी. एखादा हट्टी निघतोच. कोश झाल्यावर डबा बदलून उपयोग नाही, रंग आधीच ठरलेला असतो.

उजेडाचंही भान ठेवा. बऱ्याच जातींच्या अळ्या दिवस किती मोठा आहे ते ओळखतात, आणि दिवस लहान झाले की त्यांचे कोश महिनोन्‌महिने झोपून राहतात. म्हणून डबा रात्री ट्यूबलाइटखाली नको. आमच्या घरात टीव्ही अकरापर्यंत चालतो, म्हणून मी डबा मागच्या खोलीत ठेवते.

ऋतूप्रमाणे पंखांवर पडणारा फरक पाहायला काही पाळायचीही गरज नाही. तिन्हीसांजेला दिव्याकडे येणारं तपकिरी फुलपाखरू पावसाळ्यात बघा: मिटलेल्या पंखांवर ठळक डोळे असतात. तेच थंडीत बघा, डोळे जवळजवळ पुसलेले, अगदी वाळकं पान. मागच्या पौषात असंच एक झाडूने लोटलं, तेव्हा ते उडालं.